पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरचा १९४१ चा हंगाम

अमेरिकेतल्या बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगचा १९४१ सालचा हंगाम मी गेले काही महिने सोलापुरात, आमच्या जेवणाच्या टेबलावर, फासे आणि पत्ते घेऊन सामन्यामागून सामना असा पुन्हा खेळते आहे. आठ संघ, प्रत्येकाचे १५४ सामने, म्हणजे एकूण ६१६ लढती, आणि त्यांतली प्रत्येक लढत पहिल्या इनिंगपासून शेवटच्या आऊटपर्यंत वहीत नोंदवायची, असे हे काम आहे. शाळेत सॉफ्टबॉल खेळलेल्या मुलींना पिचर (चेंडू टाकणारा), शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसमधला क्षेत्ररक्षक), वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फटक्याविना मिळणारा फर्स्ट बेस), डबल प्ले (एकाच फटक्यावर दोघे बाद) हे शब्द शिकवावे लागत नाहीत. त्या खेळाच्या थोरल्या भावंडाकडे माझे लक्ष तेव्हापासूनच होते. मात्र सोलापुरात राहून ऐंशीपेक्षा जास्त वर्षांपूर्वीचा परदेशी हंगाम इतक्या बारकाईने का खेळावा, हा प्रश्न घरी येणारे जवळजवळ सगळेच विचारतात. माझ्या परीने त्याचे उत्तर इथे लिहिते आहे.

ही परंपरा माझी नव्हे, तिथलीच आणि जुनी आहे. एथन ॲलन या माजी खेळाडूचा फिरत्या बाणाचा आणि गोल चकत्यांचा खेळ नेमका १९४१ सालीच बाजारात आला. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरहून रिचर्ड साइट्झ यांनी १९५१ मध्ये ‘ॲपबा’ हा फाशांचा खेळ विकायला सुरुवात केली आणि १९६१ मध्ये हॅल रिचमन यांचा ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ आला. तिन्हींमागचे तत्त्व एकच आहे. खेळाडूने त्या वर्षी प्रत्यक्षात जे केले त्याचे प्रमाण त्याच्या पत्त्यावर उतरवायचे आणि पुढचे फाशांवर सोपवायचे. माझे पत्ते विकतचे नाहीत. चादरींच्या पॅकिंगमध्ये येणारा जाड पुठ्ठा कापून मी ते स्वतः तयार केले आहेत, कारण पत्ता तयार करताना खेळाडू जसा कळतो तसा तो नुसत्या आकड्यांच्या तक्त्यातून कळत नाही.

बॉस्टनचा बॅटर टेड विल्यम्स याचाच पत्ता घ्या. फेकायचे तीन फासे. पहिल्या फाशावर १ ते ३ आले तर बॅटरच्या पत्त्यावरचा त्या क्रमांकाचा रकाना पाहायचा, ४ ते ६ आले तर पिचरच्या पत्त्यावरचा. उरलेल्या दोन फाशांची बेरीज रकान्यातली ओळ ठरवते. दोन फासे ३६ प्रकारे पडतात, त्यामुळे प्रत्येक पत्त्यावर तीन रकान्यांच्या मिळून १०८ शक्यता होतात. आता विल्यम्स त्या वर्षी दर हजार वेळांमागे ५५३ वेळा बेसवर पोहोचला, तर लीगमधला सर्वसाधारण बॅटर साधारण ३४० वेळा. निम्मे निकाल पिचरच्या पत्त्यावरून लागणार आणि तिथे सरासरीने ३४०च मिळणार, तेव्हा दोहोंची सरासरी ५५३ यायची असेल तर विल्यम्सच्या स्वतःच्या पत्त्यावर हजारी ७६६ हे प्रमाण ठेवावे लागते. म्हणजे १०८ शक्यतांपैकी जवळपास ८३ ठिकाणी हिट (स्वतःच्या फटक्यावर बेस गाठणे) किंवा वॉक, आणि बाद होण्यासाठी जेमतेम २५ जागा. त्या पत्त्यावर ‘आऊट’ लिहायला मी पेन्सिल उचलली तेव्हा लिहायला जागाच फारशी उरली नव्हती. ०.४०६ ही त्याची त्या वर्षाची सरासरी, म्हणजे वॉक वगळून दर हजार संधींत ४०६ हिट्स, मी अनेकदा वाचली होती, पण तिचा आकार मला त्या मोकळ्या न राहिलेल्या रकान्यांत दिसला.

क्षेत्ररक्षणासाठी वेगळी सोय करावी लागते. पिचरच्या पत्त्यावरच्या काही ओळींत निकालाऐवजी फक्त ‘थर्ड बेसकडे’ किंवा ‘शॉर्टस्टॉपकडे’ असे लिहिलेले असते. तसे आले की हाऊजीच्या पिशवीतून १ ते २० मधली एक सोंगटी काढायची आणि त्या जागी उभ्या असलेल्या खेळाडूच्या श्रेणीशी ताडून पाहायची. पहिल्या श्रेणीचा खेळाडू २० पैकी १८ वेळा चेंडू अडवतो, चौथ्या श्रेणीचा बराच कमी. सुरुवातीचा पिचर मात्र मी निवडत नाही. त्या दिवशी प्रत्यक्षात जो उतरला तोच टेबलावर उतरतो, आणि ती माहिती रेट्रोशीट या संस्थेने जुन्या सामन्यांच्या नोंदी गोळा करून सर्वांसाठी खुली ठेवली आहे म्हणूनच मला सोलापुरात बसून मिळते. त्या निःशुल्क कष्टांविषयी मला फार आदर वाटतो.

कोणाला किती खेळवायचे, हा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. डेट्रॉइटचा हँक ग्रीनबर्ग १९४० चा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, पण १९४१ मध्ये १९ सामने खेळून मे महिन्यात त्याला सैन्यात भरती व्हावे लागले. टेबलावर त्याला अडवणारे कोणी नाही. पत्ता समोर आहे, फासे हातात आहेत आणि तो पूर्ण हंगाम खेळला असता तर डेट्रॉइट ७५ विजयांवर थांबले असते का, हे पाहण्याचा मोह मोठा आहे. मी त्याला १९ सामन्यांनंतर पाकिटात ठेवले. मला कल्पनेतला हंगाम खेळायचा नसून त्याच माणसांना, त्यांच्यावर असलेल्या त्याच बंधनांसह, पुन्हा एकदा मैदानात उतरवायचे आहे. ज्यांना दुसरा प्रकार आवडतो त्यांच्याशी माझे भांडण नाही, पण मग तो हंगाम १९४१ चा राहत नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

आता न्यूयॉर्क यांकीजचा जो डिमाजिओ. १५ मे ते १६ जुलै या काळात त्याने सलग ५६ सामन्यांत निदान एक तरी हिट मिळवली आणि हा विक्रम आजवर कोणी मोडलेला नाही. साहजिकच पाहणाऱ्या प्रत्येकाला टेबलावरच्या डिमाजिओचे काय झाले हे आधी जाणून घ्यायचे असते. त्याची वर्षाची सरासरी ०.३५७ होती. दर सामन्यात चार संधी धरल्या तर अशा बॅटरला किमान एक हिट मिळण्याची शक्यता सुमारे ८३ टक्के येते, आणि ती सलग ५६ सामने टिकायची तर उत्तर साधारण ३५ हजारांत एक इतके खाली जाते. त्या दोन महिन्यांत तो वर्षाच्या सरासरीपेक्षाही सरस, म्हणजे ०.४०८ ने खेळत होता हे हिशेबात घेतले तरी ते पंधराशेत एकच्या आसपास राहते. टेबलावर त्याच्या मालिका सुरू झाल्या, दोन-दोन आठवडे चालल्या आणि तुटल्या. वर्षाअखेरीस त्याची सरासरी ०.३५७ च्या जवळपास येईल याची मला खात्री आहे. ५६ येणार नाहीत याची जवळजवळ तितकीच आहे.

शेजारचे अण्णा संध्याकाळी बऱ्याचदा येऊन बसतात आणि एका बाजूचे फासे टाकतात. त्यांचे आयुष्य पूर्व भागातल्या चादरींच्या कारखान्यांत, जकार्डच्या मागावर गेले. जकार्डवर भोके पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते माळेसारखे ओवलेले असतात आणि माळ ठरल्या क्रमानेच फिरते, म्हणून दर चादरीवर तेच फूल त्याच जागी उतरते. डिमाजिओची एक मालिका तुटली त्या संध्याकाळी मी त्याचा पत्ता पुन्हा तपासत होते, तेव्हा अण्णा म्हणाले, “ताई, पत्त्यात काय चूक न्हाई. तुमचे पत्ते ओवलेले न्हाईत की. मग तेच फूल कसं उतरंल?”

इतक्या नेमकेपणाने मला ते सांगता आले नसते. पत्त्यावर खेळाडूचे कसब उतरते. त्याच्या हिट्सचा क्रम उतरत नाही, आणि ५६ हा आकडा सगळा क्रमाचा आहे. डिमाजिओच्या त्या वर्षीच्या १९३ हिट्स जशाच्या तशा ठेवून नुसत्या निराळ्या दिवशी वाटल्या, तर सरासरी तीच राहील, यांकीज बहुधा तितकेच सामने जिंकतील आणि विक्रम मात्र नाहीसा होईल. त्याने विक्रमाचे मोल कमी होत नाही. माझ्या लेखी ते वाढते, कारण तो उन्हाळा किती विरळा होता हे फासे रोज नव्याने दाखवून देतात.

मालिका प्रत्यक्षात १७ जुलैच्या रात्री क्लीव्हलँडमध्ये तुटली. ६७ हजारांहून अधिक प्रेक्षक होते. पहिल्या आणि सातव्या इनिंगमध्ये डिमाजिओने थर्ड बेसच्या रेषेलगत जोरदार फटके मारले आणि दोन्ही वेळा क्लीव्हलँडचा थर्ड बेसमन केन केल्टनर याने ते उलट्या हाताने अडवून फर्स्ट बेसवर त्याला बाद केले. चौथ्यात वॉक मिळाला, आठव्यात चेंडू शॉर्टस्टॉप लू बूड्रोकडे गेला आणि डबल प्ले झाला. तोच सामना टेबलावर आला तेव्हा डिमाजिओच्या नावावर कोणतीही मालिका नव्हती. समोर पिचर तोच, डावखुरा अल स्मिथ. डिमाजिओच्या दुसऱ्या पाळीला पहिला फासा ५ पडला, बाकी दोघांची बेरीज ९ आली. स्मिथच्या पत्त्यावरच्या त्या ओळीत ‘थर्ड बेसकडे’ असे होते. अण्णांनी पिशवीतून सोंगटी काढली ती ११ ची, आणि केल्टनर पहिल्या श्रेणीचा. मी वहीत ५-३ असे लिहिले. थर्ड बेसमनचा क्रमांक ५, फर्स्ट बेसमनचा ३, म्हणून पाचाकडून तिघाकडे. क्लीव्हलँडच्या त्या रात्रीच्या धावपत्रिकेतही केल्टनरच्या दोन्ही झेपांची नोंद याच दोन आकड्यांत आहे. आमच्या टेबलावर तो एक साधा बाद होता आणि अण्णांनी लगेच पुढच्या बॅटरसाठी फासे उचलले.

या हंगामाने मला सर्वांत मोठे काही दिले असेल तर तो सेसिल ट्रॅव्हिस. वॉशिंग्टनचा हा शॉर्टस्टॉप १९४१ मध्ये ०.३५९ ने खेळला, म्हणजे सरासरीत डिमाजिओच्याही पुढे आणि लीगमध्ये केवळ विल्यम्सच्या मागे, आणि त्याच्या २१८ हिट्स लीगमध्ये सर्वाधिक होत्या. त्याचा संघ मात्र ७० विजय आणि ८४ पराभवांवर सेंट लुइस ब्राऊन्ससोबत सहाव्या स्थानी राहिला. त्या वर्षाची हकिकत सांगताना ५६ आणि ०.४०६ या दोन आकड्यांतच सांगणारा गुंततो आणि ट्रॅव्हिसपर्यंत पोहोचतच नाही. मीही त्याचे नाव पत्ता तयार करायला घेईपर्यंत नीट पाहिले नव्हते. टेबलावर मात्र वॉशिंग्टनचे १५४ सामने खेळावेच लागतात. त्यांत दर वेळी तो समोर येतो, एक-दोन हिट्स घेतो, आणि महिन्यामागून महिना तो आकडा साठत जातो. त्याच्या हिट्समध्ये होमरन थोडे आहेत, एकेरी आणि दुहेरी पुष्कळ. पराभूत संघासाठी असे सातत्याने खेळत राहणे किती कठीण असेल, हे वहीची पाने उलटताना जाणवते. पुढची वर्षे त्याची सैन्यात गेली. १९४४-४५ च्या हिवाळ्यात दुसऱ्या महायुद्धातल्या बल्जच्या लढाईत त्याचे पाय हिमबाधेने जायबंदी झाले आणि परतल्यावर पूर्वीचा खेळ त्याला पुन्हा गवसला नाही. त्याचे १९४१ हे शेवटचे पूर्ण तेजाचे वर्ष आहे. ते कोणी पुन्हा खेळणार असेल तर त्यात ट्रॅव्हिसच्या एकाही पाळीला कात्री लावू नये, असे मला मनापासून वाटते. आणि म्हणूनच ‘महत्त्वाचे तेवढे सामने खेळा, बाकीचे सोडून द्या’ हा हितचिंतकांचा सल्ला मी मानलेला नाही.

टेबलावर सध्या ऑगस्ट चालू आहे. यांकीज बरेच पुढे आहेत, जसे ते प्रत्यक्षातही होते. त्या वर्षी त्यांनी १०१ सामने जिंकले आणि दुसऱ्या क्रमांकाच्या बॉस्टनला १७ सामन्यांनी मागे टाकले. एप्रिल-मेच्या उन्हात पंख्याखाली पत्ते उडत, म्हणून तेव्हाचे बरेच सामने आम्ही पहाटे खेळलो. आता पावसाने हवा निवली आहे आणि रात्री जेवणानंतर दोन सामने सहज होतात.

२८ सप्टेंबरचा नियम मात्र मी आताच वहीत लिहून ठेवला आहे. त्या दिवशी फिलाडेल्फियात एका पाठोपाठ एक असे दोन सामने होते, विल्यम्सची सरासरी ०.३९९५५ होती, आणि तो बाकावर बसून राहिला असता तर ती ०.४०० धरली गेली असती. तो दोन्ही सामने खेळला, आठ संधींत सहा हिट्स मिळवल्या आणि ०.४०६ वर हंगाम संपवला. टेबलावर तोपर्यंत त्याची सरासरी काहीही असो, ०.४१० असो की ०.३८०, दोन्ही सामन्यांत तो पहिल्या इनिंगपासून शेवटपर्यंत खेळेल. समोरचा संघ व्यवस्थापक कॉनी मॅक यांचा फिलाडेल्फिया अथलेटिक्स, त्या वर्षी ९० सामने हरून तळाशी राहिलेला. ते पत्ते अण्णांनी मागून घेतले आहेत, आणि विल्यम्सपुढे कोणता पिचर कुठवर ठेवायचा याचा विचार त्यांनी आतापासूनच सुरू केला आहे.