एडिनबरातली उत्तरेची भिंत

एडिनबरात येऊन चौथं वर्ष, आणि खानापूरच्या माणसाला सावलीतलं एक झाड जगवता येईना म्हणजे लाजच की! झाडाचं नाव रॅमोंडा, मूळचं फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या पिरेनीज डोंगरातलं. खरखरीत सुरकुतलेली पानं चक्रासारखी जमिनीलगत पसरतात आणि मेच्या आसपास जांभळी फुलं येतात, मध्ये पिवळी. आफ्रिकन व्हायलेटच्याच खानदानातलं.

पहिलं झाड मी लाडानं मारलं. कुंडीत विकतची भारी खतमाती घालून सरळ उभं लावलं, आणि इथला पाऊस आपल्या कणकुंबीसारखा धो धो नसतो पण हिवाळाभर नुसता टिपटिपतो, ते पाणी पानांच्या मधल्या वाटीत साचत राहिलं, फेब्रुवारीत बोटानं दाबून बघितलं तर गाभा सडक्या केळ्यासारखा आत गेला.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. "काय करूलालास रे? आपल्या विहिरीत नेचे कुठं येतात? चिऱ्यांच्या फटीत की. तिथं कोण खत घालतंय?"

आईनं पिरेनीज कुठं बघितलाय, पण तिथंही असंच की! सावलीतल्या चुनखडीच्या कड्यांना, भेगांत, आडवं उगवतं, वाटीत पाणी थांबायचा प्रश्नच नाही. मग घरामागं उत्तरेच्या भिंतीला गुडघाभर दगड रचले, फटीत कुजलेला पाला, बारीक खडी आणि चुनखडीचे चार खडे, नि नवीन रोप आडवं खोचलं. चुन्याचं मला सुचलंच नसतं, आपली जांभ्याची लाल माती आंबट ना.

उत्तरेचंही एक गणित आहे. गावी मे-जूनात दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकतो, म्हणजे तिकडच्या भिंतीलाही ऊन लागतंय. इथं ५६ अंश उत्तर अक्षांशावर दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला. फक्त इथल्या उन्हाळ्यात पहाटे ईशान्येकडनं आणि संध्याकाळी उशिरा वायव्येकडनं तिरपं ऊन येतं, तेवढं त्याला चालतंय.

गेल्या जुलैत तीन आठवडे गावी आलेलो, भिंतीलगत पाऊस पोचत नाही आणि पाणी घालायला कोणी नाही. परत येऊन बघतो तर पानं निपाणीच्या तंबाखूसारखी वळून तपकिरी. गेलं म्हटलं. तरी तांब्याभर पाणी ओतलं, आणि दोन दिवसांनी पानं उलगडून परत हिरवी! वाळून परत जिवंत व्हायची करामत या झाडात असते हे नंतर कळलं.

आईला फोटो पाठवला. उत्तर आलं, "फूल कुठाय?"