गुलाबी नव्हतंच थे

अकरावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा गुणतक्ता चार दिवसांपासून माझ्या खणात पडून आहे. सही होत नाही.

दारव्ह्याकडच्या एका खेड्यातलं आमचं कनिष्ठ महाविद्यालय. प्रयोगशाळेवर टिनाचं छत, डिस्टिल्ड वॉटर इन्व्हर्टरच्या बॅटरीवाल्याकडून. तरी कोबाल्ट क्लोराईडचं द्रावण मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. पाण्यात ते गुलाबी असतं. कोबाल्टच्या प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू. तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकत गेलं की पाणी हटतं, चार क्लोराईड येऊन बसतात आणि निळं होतं. कसब आहे ते काठावर थांबण्यात. ॲसिड थेंबाथेंबानं, जांभळी झाक आली की हात आवरायचा, मग पाण्याचे एकदोन थेंब, परत गुलाबी. निळं होताना ही अभिक्रिया उष्णता शोषते, म्हणून असं द्रावण जरा तापवलं तरी निळं पडतं. पोरं खूश.

त्या दिवशी सकाळी सातला असंच काठावरचं गुलाबी करून ठेवलं. आठची तुकडी झाली. दुसरी बसली साडेबाराला. एप्रिलचं ऊन, वीज गेलेली. चोवीस उत्तरपत्रिका. तेविसांत 'मूळ रंग : गुलाबी', एका मुलीच्या उत्तरपत्रिकेत 'जांभळा'. मी तिचे दोन गुण कापले, वर नळी नीट धुतली नसशील म्हणून सुनावलं.

"सर, गुलाबी नव्हतंच थे. मले दिसलं तसं लिवलं."

चार वाजता स्टँड आवरायला गेलो. उरलेली नळी जांभळी, निळ्याकडे झुकलेली. माठातल्या पाण्यात धरली, तर हळूहळू गुलाबी! ल शातेलिएचं १८८४ चं तत्त्व, म्हणजे समतोलातल्या अभिक्रियेवर बाहेरून बदल लादला की ती तो बदल कमी करणाऱ्या बाजूला सरकते, हे याच वर्गाला मी फळाभर लिहून दिलं होतं, आणि टिनाखालच्या माझ्याच स्टँडवर ते दुपारभर चाललेलं मला दिसलं नाही.

तेवीस जणांनी रंग छापील जर्नलमधून उतरवला. ते जर्नल आम्हीच घ्यायला लावतो, आणि त्यात निरीक्षणं आधीच भरलेली असतात. याला प्रात्यक्षिक म्हणायचं!

दुसऱ्या दिवशी तिला बोलावून चूक माझी होती म्हणून सांगितलं. ती जरा थांबली. "मंग सर, मूळ रंगाच्या बाजूले तापमान काहून नाही लिवत?"

प्राचार्य म्हणाले, तिचे दोन वाढवा, बाकीच्यांचं उकरू नका. तिचे वाढवले. तेविसांचे तसेच आहेत.