वस्तादाचं विद्यापीठ

अमेरिकन फुटबॉलच्या रविवार रात्रीच्या सामन्यात टीव्हीवर एक छोटासा प्रकार असतो. खेळाडूंचे चेहरे एकामागून एक पडद्यावर येतात आणि प्रत्येक जण फक्त दोन गोष्टी सांगतो, आपलं नाव आणि आपलं कॉलेज. लग्नाच्या मांडवात 'आम्ही मुलीकडचे' म्हणावं त्या थाटात. ओहायो स्टेटवाले तर नावाआधीच्या 'द'वर असा जोर देतात, की बाकीच्या युनिव्हर्सिट्या नुसत्या शाखाच वाटाव्यात. या रांगेत फिलाडेल्फिया ईगल्स संघाचा लेफ्ट टॅकल, म्हणजे पुढच्या अडवणाऱ्या फळीतला डाव्या टोकाचा गडी, जॉर्डन मायलाटा आला, की तो न हसता म्हणतो, 'जेफ स्टाउटलंड युनिव्हर्सिटी.'

अशी युनिव्हर्सिटी कुठल्याही नकाशावर नाही. स्टाउटलंड हे २०१३ मध्ये ईगल्सकडे आलेल्या लाइन कोचचं, म्हणजे ही फळी घडवणाऱ्या वस्तादाचं नाव. मायलाटा सिडनीचा, रग्बी लीगमध्ये वाढलेला. व्यावसायिक संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये, २०१८ ला, सातव्या म्हणजे शेवटच्या फेरीत, २३३ व्या क्रमांकावर ईगल्सनं त्याला उचललं, तेव्हा तो अमेरिकन फुटबॉलचा एकही डाव खेळलेला नव्हता. उंची ६ फूट ८ इंच, वजन १५७ किलोच्या घरात. कॉलेजच नाही तर सांगणार काय? म्हणून त्यानं कोचचं नाव लावलं. आपल्याकडे पैलवान तालमीचं आणि वस्तादाचं नाव आधी सांगतो, तसंच काहीसं.

ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे बॉल आपल्याकडे असताना समोरच्यांना अडवणारी फळी : मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. या पाच जणांना नाव सांगायची संधी तशी कमीच मिळते. सेंटर बॉल मागे देतो तेवढाच काय तो हाताला लागतो. त्यांच्या पाठीवरचे आकडे ५० ते ७९ मधले, म्हणजे 'याच्याकडे पास टाकायचा नाही' अशी पाटीच. मैदानात पंच त्यांचा नंबर पुकारतो तो चुकल्यावर. आधीच हलला तर ५ यार्ड मागे, समोरच्याला धरून ठेवलं तर १० यार्ड. सगळं बरोबर केलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. घरातल्या मोरीच्या पाइपासारखं. तुंबला की आठवण.

बरोबर करायचं म्हणजे काय, ते लेफ्ट टॅकलच्या पायांकडे पाहिल्यावर कळतं. पास टाकणारा क्वार्टरबॅक उजखुरा असेल तर त्याची पाठ याच्या बाजूला असते, आणि त्याला पाडायला बाहेरून येणारा रशर त्याच पाठीवर टपलेला असतो. बॉल हलला की टॅकलचा डावा पाय तिरका मागे जातो आणि उजवा तेवढंच अंतर घसटत त्याच्यामागून. याला म्हणतात किक-स्लाइड. दोन पायांमधलं अंतर कायम राहिलं पाहिजे. पाय एकमेकांवरून गेले नाही पाहिजेत, टाचा जुळल्या नाही पाहिजेत. ज्या क्षणी पाय जुळतात त्या क्षणी तो खांब असतो, आणि खांब ढकलणं सोपं. भार उजव्या पावलाच्या आतल्या कडेवर, कारण रशर बाहेरचा देखावा करून आत घुसला तर तोच पाय रोवून अडवायचा असतो.

मग हात. तळव्याच्या टाचेनं, अंगठे वर, कोपरं बरगड्यांशी, आणि फटका थेट छातीवर. लवकर मारला तर रशर हात झटकून बाजूनं निघून जातो. उशिरा मारला तर त्याचेच हात आधी तुमच्या छातीत रुततात आणि तुम्ही टाचांवर जाता. सगळ्यांत घातक म्हणजे अधीरपणा. फटका लागावा म्हणून माणूस पुढे झुकतो, डोकं पायाच्या बोटांच्या पुढे जातं, की खेळ आटोपला. हे सगळं अडीच-तीन सेकंदांत, उलटं पळताना, दीडशे किलोचा देह सांभाळून.

यात हुशारीपेक्षा आज्ञाधारकपणा जास्त लागतो, असं माझं जुनं मत आहे. 'आउटसाइड झोन' नावाचा धावण्याचा डाव घ्या. पाचही जण एकाच बाजूला, एकाच कोनात, एकच पहिलं पाऊल टाकतात. गार्ड आणि टॅकल मिळून आधी समोरच्या एका दांडग्याला हलवतात, मग दोघांपैकी एक त्याला सोडून बचावाच्या मागच्या रांगेतल्या लाइनबॅकरकडे निघतो. कोण निघायचं ते लाइनबॅकर कुठे सरकला यावर ठरतं, आणि बोलायला वेळ नसतो. लवकर निघाला तर दांडगा दोघांच्या मधून येतो, उशिरा निघाला तर लाइनबॅकर धावणाऱ्याला जागीच गाठतो. हे जमायला त्याच पाच जणांनी तेच पाऊल महिनोन्‌महिने टाकलेलं असावं लागतं. स्वतःचं डोकं चालवणारा इथे अपघातच घडवतो.

अशी पावलं घोटून घेणारं खरं घराणं म्हणजे आयोवा युनिव्हर्सिटी. कर्क फेरेंट्झ तिथे १९८१ ते १९८९ लाइन कोच होते आणि १९९९ पासून मुख्य कोच. त्यांचे स्वतःचे वस्ताद जो मूर. पिट्सबर्गजवळच्या अप्पर सेंट क्लेअरच्या शाळेत फेरेंट्झ त्यांच्या हाताखाली खेळले. त्याच मूर यांच्या नावानं २०१५ पासून कॉलेजमधल्या सर्वोत्तम लाइनला ट्रॉफी देतात, एका खेळाडूला नाही, सगळ्या लाइनला. ट्रॉफीचं वजन ३६० किलोच्या आसपास, म्हणजे ती एकट्यानं उचलायची सोयच ठेवलेली नाही. आयोवानं ती २०१६ मध्ये मिळवली.

आयोवाची गंमत अशी, की तिथले नावाजलेले लाइनमन आले तेव्हा बरेचदा लाइनमन नव्हतेच. रॉबर्ट गॅलरी (आडनाव खरंच गॅलरी) टाइट एंड, म्हणजे अडवणारा आणि पासही झेलणारा, म्हणून आला. ब्रँडन शर्फ शाळेत काही काळ क्वार्टरबॅक होता. टायलर लिंडरबॉम बचावाच्या लाइनमधून उचलून सेंटर केला. ट्रिस्टन वर्फ्स कुस्तीतला. शाळेत असताना याच लिंडरबॉमनं त्याला कुस्तीत हरवलं होतं. पुढे दोघेही पहिल्या फेरीत गेले, वर्फ्स २०२० मध्ये तेरावा आणि लिंडरबॉम २०२२ मध्ये पंचविसावा. कुस्ती आणि लाइनचं नातं आपल्याला वेगळं सांगायला नको. खाली बसेल तो जिंकेल, आणि जोर खांद्यातून नाही, कमरेतून येतो.

तर मग कोच चांगला असला की झालं? गॅलरीचंच पाहा. २००४ च्या ड्राफ्टमध्ये एली मॅनिंगनंतर दुसराच क्रमांक, ओकलंड रेडर्स. बिनधोक निवड म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. टॅकल म्हणून तो तिथे रुजलाच नाही. २००७ मध्ये त्याला एक जागा आत, गार्डवर आणलं, तेव्हा कुठे बस्तान बसलं. बाहेरच्या जागेवर रशर मोकळ्या मैदानातून येतो, आत दोन्ही बाजूंना सोबती असतात. पाय तेच, अंगण बदललं.

ड्राफ्टवाले मात्र मोजतात देह. इंडियानापोलिसला दर वर्षी ही मोजणी होते. ४० यार्डांची धाव घेतात, जी लाइनमन सामन्यात कधीच पूर्ण धावत नाही. म्हणून जाणकार पहिल्या १० यार्डांचीच वेळ पाहतात. १०२ किलोची बार छातीवरून किती वेळा ढकलली ते मोजतात. आणि हाताची लांबी, खांद्याच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. टॅकलला ३३ इंच तरी हवेत असा दंडक. लांब हात म्हणजे पहिला स्पर्श आपला. पण लांब हाताला बार जास्त अंतर ढकलावी लागते, म्हणजे एका परीक्षेतला गुण दुसरीत अवगुण. याचा विचार करणारे थोडेच.

२०२५ मध्ये लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा टॅकल विल कॅम्पबेल याचा हात इंडियानापोलिसला ३२ ⅝ इंच भरला. काही आठवड्यांनी स्वतःच्या कॉलेजात तोच हात ३३ भरला. शिंप्याच्या टेपेवर एवढी चर्चा कापडाच्या दुकानातही होत नसेल. पॅट्रियट्स संघानं त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं. आणि टॅकल जो थॉमस? त्याचा हात साडेबत्तीसच. २००७ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेला, आणि त्या दिवशी ड्राफ्टच्या सोहळ्याला न्यूयॉर्कला न जाता वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात मासे पकडत होता. पुढे क्लीव्हलँडसाठी सलग १०,३६३ डाव, एकही न चुकवता. त्या काळात मुख्य कोच सहा झाले आणि मागे उभे राहणारे क्वार्टरबॅक वीस. कोचमुळे सगळं होतं म्हणणाऱ्यांनी थॉमसपुढे जरा गप्प बसावं. अर्थात त्याच्या कॉलेजात, विस्कॉन्सिनमध्ये, पाय कोणी बसवले, हा प्रश्न उरतोच.

२०१३ चा ड्राफ्ट तर कोच मोठा की खेळाडू, या वादासाठीच घडला असावा. पहिल्या चारांत तीन टॅकल. पहिला एरिक फिशर, दुसरा ल्यूक जोकल, चौथा लेन जॉन्सन. जोकलचा घोटा पहिल्याच मोसमात मोडला, मग त्याला गार्डवर हलवलं, आणि काही वर्षांत तो लीगमधून बाहेर. जॉन्सन शाळेत आणि आधीच्या छोट्या कॉलेजात क्वार्टरबॅक. ओक्लाहोमात टाइट एंड, मग बचावाच्या लाइनमध्ये, मग टॅकल. तिघांत सगळ्यांत कच्चा. तो गेला ईगल्सकडे, त्याच वर्षी आलेल्या स्टाउटलंडच्या हाताखाली, आणि नावारूपाला आला.

इथे स्टाउटलंडचा जयजयकार करावा, तर आंद्रे डिलर्ड आठवतो. २०१९ मध्ये ईगल्सनं त्याला २२ व्या क्रमांकावर घेतलं, तेही वॉशिंग्टन स्टेटमधून, जिथे उठता-बसता पास. म्हणजे मागे सरकत अडवण्याचा सराव त्याच्याइतका क्वचितच कुणाला असेल. त्याच वस्तादाकडे तो आला, आणि २०२१ मध्ये लेफ्ट टॅकलची जागा त्याच्याऐवजी २३३ व्या क्रमांकाच्या मायलाटाला मिळाली, जो पहिली दोन वर्षं एकाही अधिकृत सामन्यात उतरला नव्हता. तालीम एक, वस्ताद एक, माती एक.

मला यातलं एकच कारण पटतं. मायलाटाला विसरायला काही नव्हतं. कॉलेजमधून येणाऱ्याला आधी विसरावं लागतं. तिथे हल्ली बहुतेक संघ क्वार्टरबॅकला मागे उभं करून बॉल झटपट फेकतात. लाइनमन जमिनीला हात न टेकता उभ्यानं सुरुवात करतो. नियमही सैल. पास टाकताना कॉलेजात लाइनमन ३ यार्ड पुढे गेला तरी चालतं, व्यावसायिक लीगमध्ये एकच यार्ड. जी पावलं तिथे शाबासकी मिळवतात त्यांना इथे दंड. आणि नवीन शिकवायला वेळही नाही. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११ च्या करारानंतर पूर्ण मोसमात पॅड घालून फक्त १४ सराव. लाइनचं काम तर पॅड घातल्याशिवाय शिकवताच येत नाही, पाण्याशिवाय पोहणं शिकवावं तसं ते. मायलाटाला ती दोन रिकामी वर्षं मिळाली, हाच त्याचा प्रथम श्रेणीतला प्रवेश.

लाइन कोच लोकांचा दरारा यातूनच येतो. त्यांच्याकडे वेळ कमी आणि ऐकणारी पोरं. लाइनमन निवडतानाच ऐकणारा निवडतात. 'पुन्हा' म्हटलं की पुन्हा, पाय चुकला की पुन्हा, दमला तरी पुन्हा. मायलाटा ज्या एप्रिलमध्ये निवडला गेला त्याच्या पुढच्याच महिन्यात, २९ मे २०१८ ला, मेरीलँड युनिव्हर्सिटीच्या मैदानावर ११० यार्डांच्या दहा धावा ठेवल्या होत्या. जॉर्डन मॅकनेअर, वय १९, ऑफेन्सिव्ह लाइनमन, वजन सव्वातीनशे पौंड. एवढ्या देहातून उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, कारण वजनाच्या मानानं कातडी कमी. पाय आखडले तरी तो धावत राहिला. शेवटच्या धावेला सोबत्यांनी त्याला धरून नेलं. उष्माघातावरचा इलाज सोपा आहे. दवाखान्यात नेण्याआधी, तिथेच, गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवायचं, अर्ध्या तासाच्या आत. रुग्णवाहिका निघायला दीड तासाहून जास्त वेळ गेला. १३ जूनला तो वारला. युनिव्हर्सिटीनं जबाबदारी मान्य केली. त्याला थंड पाण्यात का बसवलं नाही, याचं चौकशीत आलेलं उत्तर असं : पोरगा फार मोठा होता, टबात बुडेल अशी भीती वाटली.