आंदोलनाचं ध्येय ठरवताना आमचे तीन चार्ट पेपर गेले, तो अनुभव

आम्ही सांगलीतली नऊ-दहा जणं रविवारी विश्रामबागला एकाच्या घरी अभ्यासाला बसतो. मागच्या महिन्यात विषय माझ्याकडं होता, हुकूमशाहीत लोकशाहीचं आंदोलन उभं करायचं तर मागायचं काय. नुसतं भाषण ऐकून कुणाला काही कळत नाही म्हणून मी सांगितलं, आपण १९८० च्या पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या जहाज कारखान्यातले कामगार आहोत, संप पुकारलाय, आता मागण्या लिहा.

पहिल्या चार्टवर दहा मिनिटात ‘कम्युनिस्ट राजवट हटवा, खुल्या निवडणुका घ्या’ असं मोठ्या अक्षरात आलं, आणि खरं सांगतो मीही तेच लिहिलं असतं. मग मी त्यांच्या खऱ्या २१ मागण्या वाचून दाखवल्या. त्यात निवडणुकांचा शब्दच नाही. पहिली मागणी स्वतंत्र कामगार संघटनेची, दुसरी संपाच्या हक्काची, पुढं कामावरनं काढलेल्यांना परत घ्या, पेन्शन, मटणाचा पुरवठा, शनिवारची सुट्टी. खोलीत एकदम शांतता. आमच्यातली एकजण साखर कारखान्याच्या ऑफिसात आहे, ती म्हणाली सर मटण आणि सुट्टी मागून हुकूमशाही कशी पडणार?

प्रश्न बरोबरच होता. पण १९६८ ला चेकोस्लोव्हाकियात सुधारणा दडपायला सोव्हिएत रणगाडे घुसले होते, १९७० ला ग्दान्स्कमध्येच कामगारांवर गोळ्या चालल्या होत्या, म्हणजे राजवटीला धोका वाटला की काय होतं ते त्यांना चांगलं माहीत होतं. संघटना मिळाली की पुढचं मागायची ताकद आपल्या हातात येते, म्हणून ती एक नंबरला.

मला सगळ्यात जास्त भिडतो तो १६ ऑगस्टचा दिवस. त्या दिवशी कारखान्याच्या डायरेक्टरनं पगारवाढ कबूल केली, संपाचे नेते लेक वालेसा यांनी संप संपला म्हणून जाहीर केलं, लोक घरी निघाले, आणि त्यांच्या साथीला संपात उतरलेल्या बाकीच्या छोट्या कारखान्यातले लोक तिथं उभे, त्यांच्या हातात काहीच नाही. तेव्हा ट्राम चालवणारी हेन्रिका क्शिवोनोस, नर्स आलिना पिएन्कोव्स्का, आणि जिला कामावरनं काढलं म्हणून संप सुरू झाला ती आन्ना वालेंतिनोविच, या बायकांनी लोकांना थांबवलं. कितीतरी लोक निघून गेले होते, पण जे राहिले त्यांनी सगळ्या कारखान्यांची मिळून समिती केली आणि त्या समितीनं २१ मागण्या लाकडी फळ्यांवर लिहून गेटवर लावल्या. पगारवाढीवर थांबले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. ३१ ऑगस्टला सरकारनं करारावर सही केली.

दुसरा चार्टही फसला, कारण आम्ही २१ च मागण्या आपल्या भाषेत उतरवल्या. तिसऱ्याच्या वेळी मी आजीची गोष्ट सांगितली. आजी कुंडलकडची, प्रतिसरकारच्या काळातली. ती सांगायची, इंग्रज जावा असं सगळेच म्हणायचे, पण गावात ठरलेलं काय तर बांधाचं भांडण कोर्टात न्यायचं नाही, न्यायमंडळापुढं गावातच मिटवायचं, आणि लग्नात हुंडा-वाजंत्री नाही. आता बांधाचं भांडण कोर्टात गेलं का गावातच मिटलं हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळतंय की! मला वाटतं ध्येय असंच पाहिजे, झालं का नाही ते कुणालाही सांगता यावं.

त्यावर ती साखर कारखान्यातली म्हणाली, पण पोलंडमध्ये १३ डिसेंबर १९८१ ला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागलाच ना. हो लागला, त्या करारातनं उभ्या राहिलेल्या ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेवर बंदी आली, माणसं तुरुंगात गेली. पण जून १९८९ च्या निवडणुकीत खालच्या सभागृहातल्या फक्त ३५ टक्के जागा खुल्या होत्या आणि त्या सगळ्या १६१ याच संघटनेनं जिंकल्या, सिनेटच्या १०० पैकी ९९ पण. मधली सात वर्षं बंदीतही ती टिकली म्हणून.

तिसऱ्या चार्टवर शेवटी तीनच ओळी राहिल्या, आणि ‘कामावरनं काढलेल्यांना परत घ्या’ ही त्या साखर कारखान्यातलीनं स्वतः लिहिली. पुढच्या रविवारी चिली १९८८ घेतोय, हुकूमशहानंच ठेवलेल्या मतदानात उतरायचं का बहिष्कार टाकायचा, यावर आत्तापासनंच दोन गट पडलेत.