मेलेलं एन्झाइम आणि वास न येणारं डीटीटी

२०२१ ची गोष्ट, लॅबमध्ये तेव्हा एका वेळी चारच जणांना परवानगी आणि माझं काम करोनाच्या मेन प्रोटिएजवर. हे एन्झाइम म्हणजे व्हायरसची कात्री, लांबच्या लांब प्रोटीन ११ ठिकाणी कापून कामाचे तुकडे करणारी. सब्स्ट्रेट, म्हणजे कापायला दिलेला तुकडा, कापला गेला की चमक वाढते, ती मोजणाऱ्या प्लेट रीडरवर रेष वर चढते. त्या दिवशी रेष आपली आडवीच. तीनदा केलं, तरी तेच.

मी सरळ ज्युनिअरवर घसरले, मायनस ऐंशीच्या फ्रीजरचं दार उघडं ठेवलंस ना, तीन आठवड्यांचं प्युरिफिकेशन गेलं वगैरे. तो बिचारा गप्प ऐकत होता, मग हळूच म्हणाला, ताई, हे डीटीटी कधीचं आहे? डीटीटी म्हणजे एन्झाइमचं ऑक्सिडेशन होऊ नये म्हणून घालतो ते रसायन.

ट्यूबवरचा मार्कर पुसलेला. रिएजंट हुंगू नये हे मलाही माहितीये, पण मास्क खाली केला आणि वास घेतला. ताज्या डीटीटीला कुजक्या अंड्यासारखा वास मारतो, याला काहीच नाही! पोटात गोळाच आला, म्हटलं झाला वाटतं करोना आपल्यालाच. शेजारची बीएमईची, म्हणजे तसल्याच दुसऱ्या उग्र वासाच्या रसायनाची बाटली उघडली तर डोकं भणाणलं, तेव्हा जिवात जीव आला. म्हणजे नाक शाबूत, डीटीटीच हवेने खराब झालेलं.

आता कारण लक्षात आलं. या एन्झाइमच्या एका साखळीत १२ सिस्टीन (सल्फर असलेलं अमिनो आम्ल), त्यातलं १४५ नंबरचं प्रत्यक्ष कापतं. ऑक्सिडेशन झालं की तेच ११७ नंबरच्या सिस्टीनला सल्फरने जाऊन चिकटतं, मग कात्रीचं पातंच बांधलेलं. पण हा बांध सुटतो, डीटीटी तेच तर करतं. नवी पावडर वजन करून ताजं सोल्युशन केलं, एन्झाइम त्यात बर्फावर ठेवलं, जेवून आलो आणि रेष चढली. सगळी नाही, पण बऱ्यापैकी.

एचआयव्हीच्या प्रोटिएजचंही असंच आहे, ९५ नंबरच्या सिस्टीनवर ग्लुटाथायोन हा पेशीतला छोटा रेणू बसला की त्याच्या दोन साखळ्यांची जोडीच जमत नाही, आणि पेशीतलं ग्लुटारेडॉक्सिन नावाचं एन्झाइम तो काढू शकतं. त्यामुळे व्हायरस हे बटण मुद्दाम वापरतो का, यावर आमचा चहा गार होईपर्यंत वाद झाला.

खरा फटका संध्याकाळी बसला. आदल्या आठवड्यात दोन कंपाउंड जबरदस्त हिट, म्हणजे एन्झाइम बंद पाडणारी, म्हणून मी मॅडमना दाखवली होती, त्याच जुन्या डीटीटीत. ताज्या डीटीटीत दोन्ही शून्य. एबसेलेन या औषधी रेणूचं सुद्धा असंच झालेलं, २०२० मध्ये केवढं गाजलं आणि डीटीटी घातलं की असर गायब. मॅडमना मेल लिहायला मला पाऊण तास लागला, ज्युनिअरला सॉरी म्हणायला त्याहून जास्त.