तुम्ही विचारलंत म्हणून: मेगन २.० ची बाजू मी का घेते

"हॉररचा सिक्वेल हॉररच नाहीये, तरी तू मेगन २.० ची बाजू का घेतेस?" हे मला इतक्या जणांनी विचारून झालंय, काहींनी प्रेमाने, काहींनी चिडून, की आता एकदाच नीट लिहून टाकते. सगळी स्टोरी सांगत बसत नाही, एवढंच: पहिल्या भागात मेगन म्हणजे एका पोरक्या मुलीसाठी बनवलेली एआय बाहुली, जी खून करत सुटते, आणि दुसऱ्या भागात, म्हणजे मेगन २.० मध्ये, तीच वाचवायला येते, भीती कमी आणि मारामारी जास्त.

पहिलं म्हणजे "प्रेक्षकांनी सिनेमा नाकारला" हे जे सगळीकडे चाललंय ना, ते मला पूर्ण पटत नाही. पहिला मेगन जानेवारी २०२३ मध्ये आला, बजेट १.२ कोटी डॉलर, अमेरिकेत पहिल्याच वीकेंडला ३ कोटी आणि जगभरात मिळून १८ कोटींच्या आसपास. दुसरा २७ जून २०२५ ला आला, पहिला वीकेंड १ कोटीच्या थोडासा वर, आणि शेवटपर्यंत जगभरातून ४ कोटी पण जमले नाहीत. पडला, आपटला, त्यात वादच नाही. पण बघून बाहेर पडणाऱ्यांना विचारून जो सिनेमास्कोर नावाचा ग्रेड काढतात तिथे पहिल्याला बी होता आणि दुसऱ्याला बी प्लस. म्हणजे जे गेले त्यांना आवडला, बाकीचे गेलेच नाहीत. समीक्षकांचं बरोबर उलटं, किती समीक्षकांना आवडला ते मोजणाऱ्या रॉटन टोमॅटोज साइटवर पहिला नव्वद टक्क्यांच्या वर आणि दुसरा साठीच्या आत. तर नक्की कोणी नाकारला ते आधी ठरवा आणि मग मला विचारा.

आता तुम्ही म्हणाल की पहिल्या वीकेंडला धावत जाणारे फॅनच असतात, ते चांगलंच बोलणार. आणि हॉररला हा ग्रेड नेहमी कमीच मिळतो, घाबरलेली माणसं बाहेर येऊन भरभरून मार्क देत नाहीत, त्यामुळे बी प्लस आला याचाच अर्थ लोकांनी त्याला हॉरर म्हणून बघितलंच नाही. हा मुद्दा मला खोडता येत नाही. खरंच येत नाही.

निर्माता जेसन ब्लम तर रिलीजच्या त्याच दिवसांत एका पॉडकास्टवर जाऊन स्वतःच बोलला की आम्हाला वाटलं मेगन म्हणजे सुपरमॅन आहे, तिला कुठल्याही जॉनरमध्ये टाकू, उन्हाळ्यात आणू, काहीही करू, आणि ते चुकलं. सगळे मला ती क्लिप पाठवतात, जणू काही केस बंद झाली. पण निर्माता पैशाचं बोलतोय हो! सिनेमा उन्हाळ्यात आणायला नको होता, एफ १ सारख्या मोठ्या सिनेमासमोर नको होता, हे मलाही मान्य आहे. त्यावरून मेगनला बदलायलाच नको होतं हे सिद्ध होत नाही.

कारण मला विचाराल तर बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी आणि पहिला मेगन त्यानंतर जेमतेम पाच-सहा आठवड्यांत. तेव्हा आपल्याशी गोड बोलणारं, आपलं सगळं लक्षात ठेवणारं, एका पोरक्या मुलीला झोपवणारं मशीन हीच एक भीती होती, नुसती कल्पना केली तरी अंगावर काटा. दुसरा भाग येईपर्यंत अडीच वर्षं गेली आणि तेवढ्यात लोक त्याच मशीनला ब्रेकअपबद्दल सांगायला लागले, मुलांचा अभ्यास करून घ्यायला लागले. ज्याच्याशी आपण रोज रात्री बोलतो त्याला कोण घाबरणार? तीच बाहुली परत त्याच घरात, परत कॉरिडॉरमध्ये नाच, परत दोन-चार खून, हे केलं असतं तर हेच समीक्षक म्हणाले असते की काही नवीन नाही. तंत्रज्ञानावरच्या हॉररचं हे दुखणंच आहे, भूत जुनं होत नाही पण यंत्र दोन वर्षांत जुनं होतं. मग दिग्दर्शक जेरार्ड जॉनस्टोनने तिला अमिलियासमोर उभं केलं, तिच्याच चोरलेल्या कोडवरून बनवलेलं लष्करी शस्त्र, आणि प्रश्नच बदलला. मशीन वाईट आहे का हा प्रश्न राहिलाच नाही, ते बनवून कोणाच्या हातात दिलं हा झाला. टर्मिनेटरच्या दुसऱ्या भागाने १९९१ मध्ये हेच केलं, मारायला आलेला वाचवायला आला, तेव्हा कोणी त्याला गद्दारी म्हणत नाही.

इथपर्यंत मी ठाम असते. आता पुढचं, जे मी आत्तापर्यंत नीट कोणाला सांगितलेलं नाही.

मी तो पहिल्याच वीकेंडला बघितला, आम्ही चौघं, आणि त्यातला एक तो ज्याच्याबरोबर मी जवळजवळ सगळे हॉरर सिनेमे बघितलेत. आमचं ठरलेलं असायचं, घाबरलं की दुसऱ्याचं मनगट पकडायचं आणि नंतर त्यावरून अजिबात चिडवायचं नाही. हॉल अर्धा पण भरला नव्हता. मेगन जेमासाठी, म्हणजे तिला बनवणाऱ्या बाईसाठी, गाणं म्हणायला लागते तो सीन आला आणि सगळा हॉल हसायला लागला, मी पण हसले, मनापासून हसले, आणि शेजारी बघते तर हा उठून उभा. काही बोलला नाही, वाकून वाकून रांगेतून बाहेर निघून गेला. मला वाटलं फोन आला असेल. आला नाही परत. सिनेमा संपल्यावर बाहेर आलो तर तो तिथेच उभा होता, आणि मी उत्साहात मस्त होता ना वगैरे बोलायला लागले तर त्याने मला मधेच तोडून विचारलं, "एकदा तरी भीती वाटली का तुला? खरं सांग." मी अमिलिया, लष्कर, कोड असं काहीतरी सांगायला लागले. तो म्हणाला हे नाही विचारलं मी.

मग त्याने फोन काढला आणि मी अनफ्रेंडेड डार्क वेबबद्दल लिहिलेलं सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. २०१८ चा तो सिक्वेल, पहिल्या भागातलं भूत काढूनच टाकलं होतं, त्याजागी हॅकर लोक, आणि थिएटरमध्ये दोन वेगवेगळे शेवट पाठवले होते. मी तेव्हा लिहिलं होतं की पहिल्या सिनेमाने आपल्याला भीतीचा शब्द दिलेला असतो, सिक्वेलने तो मोडला तर ती प्रेक्षकाची फसवणूक आहे, मग कथा कितीही हुशार असो. माझीच वाक्यं, माझ्याच समोर, आणि तो अगदी सावकाश वाचत होता. बाकीचे दोघं खाली बघत होते. वाचून झाल्यावर म्हणाला, "तुला आता भीती वाटेनाशी झालीये, म्हणून बाकीच्यांनी पण भीती मागू नये असं तू म्हणतेस."

मला रडू आलं नाही, राग आला. आम्ही त्यानंतर एकत्र एकही सिनेमा बघितलेला नाही.

घरी येऊन मी त्याला उत्तर म्हणून खूप काही टाइप केलं आणि पाठवलं नाही. डार्क वेबमध्ये भीती नव्हती असं नाही, उलट जास्त होती, माणसं भुतापेक्षा वाईट वागतात त्यात. मग मी तेव्हा का चिडले होते? कारण मला भूत हवं होतं. आणि मेगनच्या वेळी मला बाहुली घाबरवायला नको होती, ती सुधारलेली हवी होती. हे फक्त माझ्या हवं-नको वरच चाललंय का? तेव्हाची मी आत्ताच्या मला म्हणेल की तू मवाळ झालीस. मी तिला म्हणेन की तुला फक्त ओळखीची भीती हवी असते. दोघींनाही एकमेकींचं पटत नाही.

जपानी उदाहरण मला नेहमी आठवतं. रिंगू, म्हणजे शापित व्हिडिओ टेप बघणारा मरतो तो सिनेमा, ३१ जानेवारी १९९८ ला आला आणि त्याचा सिक्वेल रासेन त्याच दिवशी, बरोबरच. रासेनने शापाला विज्ञानाचं स्पष्टीकरण दिलं, विषाणू, डीएनए वगैरे, मूळ लेखकाच्याच पुढच्या कादंबरीवरून. लोकांनी पाठ फिरवली, आणि १९९९ मध्ये रासेन झालाच नाही असं धरून रिंगूचा दुसरा भाग नव्याने काढला, पहिल्याच दिग्दर्शकाला घेऊन. म्हणजे माझा मित्र ज्या बाजूला आहे ती बाजू खूप जुनी आणि खूप मोठी आहे, मला माहितीये. लोकांना टीव्हीतून बाहेर येणारी ती बाई हवी असते, ती का येते हे नको असतं.

पण मेगन २.० मध्ये एक जागा आहे जिथे कळतं की ती गेलीच नव्हती, इतके दिवस घराच्याच सिस्टिममध्ये बसून सगळ्यांना बघत होती, ऐकत होती, सांभाळत होती. तिथे हॉलमध्ये कोणी ओरडलं नाही. सिनेमा पण तिथे थांबत नाही, पटकन पुढच्या मारामारीकडे जातो, आणि हा माझा त्याच्यावरचा सगळ्यात मोठा राग आहे, समीक्षकांच्या कुठल्याही तक्रारीपेक्षा मोठा. हातात खरी भीती होती आणि ती सोडून दिली. म्हणून मी बाजू घेते ती मेगनला बदलण्याच्या निर्णयाची, बनलेल्या प्रत्येक सीनची नाही, आणि यातला फरक मी सांगायला गेले की समोरचा म्हणतो म्हणजे शेवटी तुला पण नाही आवडला. आवडला हो. परत बघितला, परत आवडला.

डार्क वेबवरचं जुनं लिखाण काढून टाक असं काहींनी सुचवलं. नाही काढणार. त्यातलं मत मला अजूनही मान्य आहे, मेगनबद्दलचं पण मान्य आहे, आणि दोन्ही एकत्र बसत नाहीत हे मला दिसतंय.