गडग्याचे दगड

रविवार, रात्र.

वाटेवर भेटलेले ते अनोळखी आजोबा काही बोललेच नाहीत, तेच डोक्यातून जात नाहीये. रागावले असते तर उत्तर तरी देता आलं असतं. त्यांनी आधी त्या दगडांकडे पाहिलं, मग माझ्या सायकलच्या टायरांकडे, मग ‘बोंझूर’ म्हणाले आणि कुत्र्याला घेऊन झाडीत शिरले.

फ्रान्समधल्या मार्सियाक गावाच्या वरचं पठार. सेले नदीच्या खोऱ्यातून दीडशे-दोनशे मीटर चढून गेलं की नदी दिसेनाशी होते. मग नुसता चुनखडक, खुरटे ओक, जुनिपर, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असलेल्या मेंढ्या आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना गडगे. आपल्या कोकणातल्यासारखेच, चुना-माती न घालता रचलेले, फक्त जांभ्याच्या जागी करडी चुनखडी. त्यातल्या एका गडग्याचा माथा कुणीतरी हातभर नाही, चांगला पुरुषभर लांबीचा उतरवला होता आणि त्याच दगडांचा चढ रचून सायकलवरून उडी मारायची सोय केली होती. पलीकडच्या लाल मातीत टायरांचे ठसे. जाड गुठळ्यांचे, माझ्या टायरांसारखेच.

दादा फोनवर म्हणाला, “अगं, चार दगड ते काय! त्यावरून एवढं?”

चार दगड नव्हेत ते. अशा गडग्याला दोन तोंडं असतात, दोन्ही किंचित आत कललेली, आणि मधे कपच्यांची भर. अधूनमधून एखादा लांब दगड आरपार घातलेला असतो, तो दोन्ही तोंडांना एकमेकांशी बांधून ठेवतो. सगळ्यात वर जड दगड, कपाटात पुस्तकं लावावीत तसे उभे. त्यांच्या वजनाने खालची रचना दबून राहते आणि भर जागेवर राहते. माथा काढला की पाऊस थेट आत शिरतो, कपच्या खाली सरकतात, तोंडं बाहेर फुगतात. पडझड मग तेवढ्यावर थांबत नाही, दोन्ही अंगांना पसरत जाते. शेतातले दगड वेचून काढायचे, त्यांचेच गडगे घालायचे, त्यांच्याच मेंढपाळांच्या खोपी रचायच्या, त्याही छपरासकट बिनचुन्याच्या, दगडाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत घेत. पिढ्यान् पिढ्यांचं काम आहे हे. 2018 मध्ये युनेस्कोने फ्रान्ससह आठ देशांची ही कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. या पठारावर ती पाहायला तिकीट लागत नाही, कुठलीही वाट धरली तरी दिसते.

आजोबा गेल्यावर मी तो चढ मोडला. दगड गडग्याच्या पायाशी ओळीने ठेवले, मालकाच्या बाजूला. वर रचले नाहीत. कुठला दगड कुठे बसत होता हे माहीत नसताना वर ठेवले तर ते डळमळीत राहतात, मेंढीचा धक्का लागला तरी घसरतात, आणि पुढे रचणाऱ्याला ते आधी उतरवावे लागतात. पण माझं हे काम आजोबांनी पाहिलं नाही. आणि हे लिहिताना कळतंय की मला त्याचंच जास्त लागलंय.

इतकं सांभाळून जाते मी. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची खूण म्हणजे मोठी पायवाट, पिवळी म्हणजे गावची फेरी, दोन वर्तुळं आणि एक त्रिकोण म्हणजे सायकलींसाठी आखलेली वाट. चालणारं कोणी दिसलं की वेग उतरवायचा, लांबूनच आवाज द्यायचा, अरुंद जागी उतरून उभं राहायचं. कुंपणाचं दार उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. सप्टेंबरपासून हिवाळा सरेपर्यंत शिकारीचे दिवस, तेव्हा भडक नारिंगी जॅकेट, आणि ‘शिकार चालू आहे’ची पाटी दिसली की सरळ माघार, मग चढ कितीही घाम काढून चढलेला असो. मागचं चाक घसरवत ब्रेक मारायचा नाही, कारण त्या चरातून पाणी वाहतं आणि दोन पावसांत वाटेची घळ होते. उतार सुरू व्हायच्या आधीच वेग काढायचा, वळणात फक्त दिशा द्यायची. ओली चुनखडी, त्यातून हजारो बुटांनी घासून गुळगुळीत केलेली, तिथे वळणात ब्रेक धरला की पुढचं चाक गेलंच. हे सगळं अंगवळणी पडलेलं आहे. आणि एका नजरेत मी त्या दगड उपटणाऱ्यांतली झाले.

त्या नजरेला आणखीही एक अर्थ असू शकतो. तो आज लिहीत नाही.

खाली उतरताना बुद्धी सायकलवर नव्हतीच. वाळक्या पानांखाली लपलेल्या धारदार दगडाने मागच्या टायरची बाजू चिरली. चुनखडीचा हा त्रास नेहमीचा. टायरच्या मधल्या जाड भागात काटा किंवा टोक शिरलं तर ट्यूबलेसमधलं, म्हणजे बिनट्यूबच्या टायरातलं, सीलंट नावाचं चिकट द्रव भोक बुजवतं, जरा मोठं असेल तर प्लग, म्हणजे रबरी पट्टी, खुपसला की भागतं. बाजूच्या पातळ कापडावर मात्र प्लग टिकत नाही, टायर वाकला की निसटतो. तिथे आतून जुन्या टायरचा तुकडा लावायचा आणि ट्यूब घालायची. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचं, हळूच. सीलंटने महिनोन् महिने बुजवून ठेवलेले काटे आतून तसेच उभे असतात, बाहेरून दिसत नाहीत, आणि नवी ट्यूब पहिल्या शंभर मीटरमध्ये पंक्चर होते. इथल्या काटेरी झुडपांचे काटे बारीक आणि कडक, त्यांचं टोक आत मोडून राहतं. बोट फिरवलं, तीन निघाले. हात चिकट, हवा भरायचा पंप चिकट, आणि डोक्यात आजोबा.

मार्सियाकच्या मठापाशी पाणी भरलं. बेनेडिक्टाइन साधूंचा मठ, इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धात मोडला, अर्धं चर्च आजही बिनछपराचं उभं आहे, त्यातून आकाश दिसतं. मोडणारे इंग्रज, असं इथे सांगतात. या खोऱ्यात कड्याच्या पोटात जिथे जिथे भिंत घालून बुजवलेली गुहा दिसते, तिचं नाव ‘इंग्रजांचा किल्ला’. ब्रेंगला आहे, बुझिएसला आहे. त्यांतल्या कितीतरी जागा इंग्रजांच्याही आधी स्थानिक लोकांनीच बांधलेल्या, पण नाव चिकटलं ते चिकटलं. युद्ध 1453 ला संपलं. आता सहाशे वर्षं होत आली तरी कड्यातली प्रत्येक पडकी भिंत त्यांच्याच नावावर. मग एका पडक्या गडग्याचा बोल सायकलवाल्यांना किती वर्षं लागेल? माझ्या हयातीत तरी पुसणार नाही. दुपारी हे मनात आलं तेव्हा फार एकटं वाटलं. सोल्याक गावापर्यंत नदीकाठच्या रस्त्याने मान खाली घालून पायडल मारत होते. उजवीकडचे पिवळे कडे, त्यावरची ऊन-सावली, काही पाहिलं नाही.

पेश मेर्लच्या चित्रगुहेची वेळ आधीच घेतलेली होती म्हणून काब्रेरे गावाहून तो चढ चढले, नाहीतर घरीच आले असते. गावातून गुहेपर्यंतचा रस्ता छोटा पण चांगलाच उभा, दमलेल्या पायांना सगळ्यात हलक्या गिअरवर जावं लागतं. आत बाराएक अंश तापमान, घामाने भिजलेल्या जर्सीत दहा मिनिटांत कुडकुडायला होतं, म्हणून कोरडा अंगरखा पिशवीत हवाच. क्लीट, म्हणजे पायडलला अडकणारा तुकडा, तळाला असलेल्या बुटांनी आत जाऊ नये, पायऱ्या ओल्या असतात. सोबत वाटाड्या, गटाने जायचं, फोटो काढायचे नाहीत. 1922 मध्ये गावच्या दोन मुलांनी ही गुहा शोधली, 1926 पासून लोकांना खुली आहे. ठिपक्यांचे ते दोन घोडे, सुमारे 29,000 वर्षांपूर्वीचे, उजव्या घोड्याचं डोकं खडकाच्या मूळच्याच आकारात बसवलेलं, आणि भोवती तोंडाने रंग फुंकून उमटवलेले हात.

दिवसाला 700 माणसांनाच आत सोडतात. कारण श्वास. प्रत्येक माणूस उष्णता, दमटपणा आणि कार्बन डायऑक्साइड आत नेतो, आणि भिंतींना तो सोसतो तेवढाच सोसतो. दारात उभी असताना मला वाटलं, इथे मोजल्याचा मला जरा अपमान वाटत नाहीये. मी नीट वागणार आहे की वाईट, हा प्रश्नच नाही. मी आत येते, म्हणजे मोजणीत येते. मग वरच्या वाटेवर मोजलं तर एवढं का लागावं? टायर जातो तिथे झिजतं. हळू गेलं तर कमी झिजतं, पण झिजतंच. आजोबांनी माझा टायर पाहिला, तो टायर तिथे होता.

आणि ती नजर मला ओळखीची का वाटली, तेही तिथेच कळलं. राजगडावर पाली दरवाजाच्या वाटेवर स्पीकर लावून बसलेल्या पोरांकडे मी तशीच पाहिलेली आहे. त्यांच्यातलं एखादं पोर कचरा पिशवीत भरत होतं का, ते मी कुठे पाहत बसले? गेल्या वर्षी, 2025 मध्ये, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोचं नाव मिळालं, त्यात राजगड आहे, तेव्हा केवढा आनंद झाला होता. त्या आनंदातही पहिला विचार आला तो, आता किती गर्दी होईल, हाच. आजोबांचंही तसंच असेल. पठार त्यांचं आहे. त्यांच्या पणजोबांनी दगड वेचले असतील. नसतीलही, पण त्यांनी तसं पाहायला हरकत नाही.

रात्री मेअरच्या कचेरीला पत्र लिहिलं. लहान गावांतली कचेरी आठवड्यातून काही ठरावीक वेळीच उघडी असते, त्यामुळे फोनपेक्षा पत्र बरं. गावाचं नाव, वाटेवरच्या कुठल्या फाट्यापासून किती अंतरावर, जीपीएसचे आकडे, दोन फोटो. माथ्याचे दगड कुठे ठेवलेत आणि वर का रचले नाहीत तेही लिहिलं. ‘कुणी केलं असावं’ या ओळीपाशी बराच वेळ अडले. ‘अज्ञात व्यक्तींनी’ असं लिहून झालं होतं. ते खोडलं आणि लिहिलं: माउंटन बाइकवाल्यांनी, टायरचे ठसे आहेत, मीही बाइकनेच आले होते. रचायला माणसं लागली तर एक दिवस येईन, मात्र शिकवणारं कोणी असेल तरच.

दादा घरच्यांना घेऊन मे महिन्यात इथे येणार, त्या सहलीचं उद्या त्याला कळवायचं आहे. वहिनीला आणि मुलांना पहिल्या दिवशी फिजाकपासून खोऱ्यातला रस्ता, एस्पान्याकपर्यंत. गाड्या कमी, चढ नगण्य, आणि मध्ययुगीन मठाचा तो लाकडी चौकटीचा मनोरा मुलांना आवडेल. फिजाकमध्ये इजिप्तची चित्रलिपी उलगडणाऱ्या शांपोलियोंचं घर, कारण धाकट्याला सध्या इजिप्तचं वेड आहे. तो 1790 मध्ये तिथेच जन्मला, आणि शेजारच्या चौकात जमिनीवर, ती लिपी जिच्यामुळे उलगडली त्या रोझेटा शिलेची प्रचंड प्रतिकृती आहे, तिच्यावरून चालता येतं. खाण्याचं आधी घेऊन ठेवायचं, रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी गावांत काही उघडं सापडत नाही. पेश मेर्लची वेळ एप्रिलमध्येच घ्यायची. शेवटच्या दिवशी बुझिएसहून लोत नदीच्या काठाने सें-सिर्क-लापोपी गावी, जेमतेम 4-5 किलोमीटर. कड्यात कोरलेली वाट आहे, 19व्या शतकात माणसं आणि जनावरं दोराने होड्या ओढत नेत तिथून. वर खडक डोक्याशी येतो, एका बाजूला नदी. तिथे सगळ्यांनी उतरून सायकल ढकलायची, मुलं कितीही कटकट करोत.

आणि मधल्या एका दिवशी दादाला एकट्याला वरच्या पठारावर नेईन, त्याच वाटेने. चार दगड म्हणाला ना. आजोबा भेटले तर भेटले, मी थांबून बोलेन.

फक्त तो त्याचीच सायकल आणणार असेल तर ट्यूब काढून ट्यूबलेस करून आणायला सांगायचं, प्रत्येक चाकात 100 ते 120 मिली सीलंट, निघायच्या आठवड्यात ताजं घातलेलं. माझ्या 2.4 इंची टायरांत हवेचा दाब पुढे 1.5 बार आणि मागे 1.7 पुरतात, पण त्याचं वजन माझ्यापेक्षा बरंच जास्त, त्याला दोन्हीकडे 0.2 वाढवावे लागतील. ट्यूबच ठेवणार म्हणाला तर मागे 2.2 च्या खाली उतरू द्यायचं नाही, नाहीतर पहिल्याच पायरीवर रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटून दोन भोकं पडतील.